आधी दप्तर, मग हाड: क्रोएशियातली मध्ययुगीन सरदार घराणी प्राचीन डीएनएवरून कशी ओळखायची

या विषयावर मला येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कुणीतरी थुंकीची चाचणी केलेली असते, तिच्यात बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय-गुणसूत्राची शाखा ‘आय२ए’ निघालेली असते, आणि डाल्मेशियातल्या, म्हणजे क्रोएशियाच्या किनारपट्टीवरच्या, एखाद्या जुन्या थडग्यातही तीच शाखा सापडल्याचं वाचनात आलेलं असतं. मग विचारणा होते: म्हणजे आमचं घर शुबिचांच्या, त्या जुन्या क्रोएशियन सरदारांच्या, कुळातलं का?

एवढ्यावरून ते ठरत नाही. डीएनए कोणाचंही नाव सांगत नाही. दोन माणसांचं नातं आहे का आणि असलं तर किती जवळचं, एवढंच तो सांगतो. नाव येतं सनदेतून, थडग्यावरच्या लेखातून, उत्खननाच्या नोंदीतून. म्हणून हे काम दप्तरापासून सुरू होतं आणि प्रयोगशाळा बरीच पुढे येते. क्रम उलटा केला की पुढचं सगळं बिघडतं, आणि बिघडल्याचं लक्षातही येत नाही.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘क्रोएशियन सरदारांचा डीएनए कोणता होता?’ हा प्रश्न घेऊन कामाला लागू नका. त्याला उत्तर नाही. ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येऊ शकतं असा प्रश्न हवा. तीन नमुने देतो.

पहिला, सर्वांत सोपा: ब्रिबिरचे शुबिच आणि झ्रिन्स्की यांचा पितृवंश एकच आहे का? १३४७ मध्ये हंगेरी-क्रोएशियाचा राजा लायोश पहिला याने शुबिचांकडून ओस्त्रोविचाचा किल्ला घेतला आणि बदल्यात झ्रिनचा किल्ला दिला. तिथे गेलेल्या शाखेला पुढे झ्रिन्स्की म्हणू लागले. कागदावर दोन्ही एकच कूळ आहे, त्यामुळे हाडांनी होकार दिला किंवा नकार दिला तरी काहीतरी कळतं.

दुसरा: क्र्क बेटाचे सरदार बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून कागदोपत्री दिसतात, पण ‘फ्रांकोपान’ हे नाव त्यांनी घेतलं १४३० च्या सुमारास, रोमच्या फ्रांजिपानी घराण्याशी नातं सांगून. हा दावा तपासता येतो, पण त्यासाठी दोन्हीकडची हाडं लागतील.

तिसरा सर्वांत अवघड. क्रोएशियाची बारा कुलीन कुळं म्हणून काचिच, शुबिच, गुसिच, मोगोरोविच, स्वाचिच वगैरे नावं सांगितली जातात. त्यांना तिकडे ‘प्लेमे’ म्हणतात. एक प्लेमे म्हणजे एका पुरुषाची संतती, की एकत्र जमीन धरणारा गट? इथे एका सांगाड्याने काहीच ठरत नाही. एकाच कुळाची, वेगवेगळ्या गावांतली अनेक थडगी लागतात.

इथे थांबून तपासा: उत्तर ‘नाही’ आलं तर तुम्ही काय लिहाल, ते आत्ताच लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे.

टप्पा २: वंशावळी दोन काढा, आणि हाडांचा प्रवास लिहा

बहुतेक जण एकच वंशावळ काढतात, बापाकडून मुलाकडे जाणारी. ती वाय-गुणसूत्रासाठी पुरते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मात्र आईकडून येतो. त्यामुळे प्रत्येक व्यक्तीची आई, आईची आई, तिची आई अशी दुसरी रेघही काढावी लागते. ही रेघ दोन-तीन पायऱ्यांतच दुसऱ्या राज्यात निघून जाते.

लेपोग्लावाचं उदाहरण नीट समजून घ्या, कारण नेमकं इथेच लोक चुकतात. लेपोग्लावाच्या पॉलाइन (एक ख्रिस्ती संन्यासी पंथ) मठाच्या चर्चमध्ये इवानिश कोर्विन पुरलेला आहे. हा क्रोएशिया-स्लाव्होनियाचा बान, म्हणजे राजाचा प्रांताधिकारी, आणि राजा मात्याश कोर्विनचा अनौरस मुलगा. तो १५०४ मध्ये वारला. त्याचा लहानगा मुलगा क्रिष्टोफ पुढच्याच वर्षी गेला. दोघांच्या अवशेषांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाप-मुलाचं नातं पक्कं झालं, दोघांचा वाय ई१बी१बी शाखेतला निघाला, मायटोकॉन्ड्रिया मात्र बापाचा टी२सी१ आणि मुलाचा टी२बी.

आता क्रिष्टोफची आई बेआट्रिसा फ्रांकोपान. म्हणून टी२बी ही फ्रांकोपानांची खूण समजली तर ती घोडचूक होईल. बेआट्रिसाला तो मायटोकॉन्ड्रिया तिच्या आईकडून मिळाला, आणि तिची आई लुइझा मार्झानो ही नेपल्सच्या राजघराण्याशी जोडलेल्या घरातली. फ्रांकोपान सरदाराच्या मुलीचा मायटोकॉन्ड्रिया फ्रांकोपानांबद्दल काहीच सांगत नाही. दुसरीकडे, त्या मुलाचा वाय बापाच्या, म्हणजे हुन्यादी-कोर्विन घराण्याचा. म्हणजे फ्रांकोपान बाईच्या मुलाची हाडं हातात असूनही फ्रांकोपान पितृवंशाचा एक अक्षरही आपल्याला वाचता येत नाही. फ्रांकोपान वाय हवा असेल तर फ्रांकोपान पुरुषच हवा.

दुसरी वही हाडांच्या प्रवासाची. कोण कुठे मेला, कुठे पुरला, केव्हा हलवला. पेटर झ्रिन्स्की आणि फ्रान क्र्स्टो फ्रांकोपान यांचा ३० एप्रिल १६७१ रोजी वीनर नॉयश्टाटला शिरच्छेद झाला. अवशेष १९१९ मध्ये झाग्रेबच्या कॅथेड्रलमध्ये आणले गेले. दोघे मेहुणे-भावजी, म्हणजे पितृवंश दोन. अशा ठिकाणी ‘हे हाड कोणाचं’ हा प्रश्न प्रत्येक तुकड्यासाठी नव्याने सोडवावा लागतो. सिगेतचा किल्ला लढवणारा निकोला झ्रिन्स्की १५६६ मध्ये लढाईत पडला. त्याचं शिर तेवढं परत आलं आणि चाकोवेत्सजवळ शेन्कोवेत्सच्या पॉलाइन मठात पुरलं गेलं, धड आलं नाही. तिथे कुणी संपूर्ण सांगाडा निकोलाचा म्हणून दाखवला तर प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही.

आणि कधी नुसता लेख असतो. सोलिनला १८९८ मध्ये क्रोएशियाची राणी येलेना हिचा ९७६ सालचा मृत्युलेख तुकड्या-तुकड्यांत सापडला. दगड आहे, पण तिची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी हाडं नाहीत. तिच्या काळातल्या त्र्पिमिरोविच राजघराण्याबद्दल जे छातीठोक दावे वाचायला मिळतात, ते वाचताना हे आठवा.

टप्पा ३: ओळख पटलेला सांगाडा निवडा

पुढचं सगळं ज्याच्याशी ताडून पाहायचं, तो हा सांगाडा. त्याची ओळख डीएनएविना पटलेली असली पाहिजे. थडग्यावर लेख, जागेची समकालीन नोंद, वय आणि लिंग जुळणं, आणि थडगं न उघडलं गेल्याचा किंवा केव्हा उघडलं गेलं त्याचा पुरावा. शुबिचांपैकी म्लादेन तिसरा १३४८ च्या प्लेगमध्ये त्रोगिरला वारला आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुरला गेला. त्याचा मृत्युलेख आहे. ब्रिबिरच्या टेकडीवरच्या निनावी कबरीपेक्षा असा माणूस शोधाच्या सुरुवातीला कितीतरी मोलाचा.

हे काम चांगलं कसं होतं ते हंगेरीत दिसतं. राजा बेला तिसरा, जो क्रोएशियाचाही राजा होता, त्याची हाडं १८४८ मध्ये सेकेशफेहेरवारला सापडली आणि इतर पुराव्यांवरून ओळखली गेली. त्याचा वाय आर१ए शाखेतला. तो हाती आल्यावर मग त्याच बॅसिलिकेतल्या दुसऱ्या एका सांगाड्याचं आर्पाद, म्हणजे बेलाच्याच, कुळाशी नातं दाखवता आलं. आधी ओळखीचा, मग अनोळखी.

सावधान: तलवार, सोन्याचा मुलामा दिलेल्या, घोडेस्वाराच्या टाचेला बांधायच्या आऱ्या किंवा दगडी शवपेटी ही कुळाची ओळख नव्हे. क्निनजवळ बिस्कुपियाला नवव्या शतकातली अशी श्रीमंत थडगी आहेत. त्यांच्यावरून दर्जा कळतो, बाप कोण ते कळत नाही.

जमलं तर एकाच कुळाच्या दोन दूरच्या शाखांतून एकेक असे दोन पुरुष घ्या. दोघांचा वाय एकच निघाला तर मधल्या सगळ्या पिढ्या एकदम पक्क्या होतात. एकावर भिस्त ठेवली की एका अनौरस जन्मावर तुमचा सगळा डोलारा उभा राहतो.

टप्पा ४: परवानगी आणि नमुना

क्रोएशियात जुनी हाडं सांस्कृतिक वारशाच्या कायद्याखाली येतात. संस्कृती मंत्रालयाच्या संवर्धन विभागाची परवानगी लागते, आणि चर्चमधल्या थडग्यासाठी चर्चचीही. अर्जात किती हाड नष्ट होणार ते मिलिग्रॅममध्ये लिहा. परवानगी येईपर्यंत पेटी उघडूनही पाहू नका.

नमुना घेण्याआधी छायाचित्रं, मोजमापं आणि शक्य असेल तर सीटी स्कॅन. एकदा भुकटी केली की ते हाड पुन्हा अभ्यासता येत नाही. डीएनए सर्वांत चांगला टिकतो तो कवटीच्या तळाशी, आतल्या कानाला वेढणाऱ्या दगडासारख्या टणक हाडात. त्याला पेट्रस हाड म्हणतात. त्यानंतर दाताच्या मुळावरचं आवरण. साधारण ५० मिलिग्रॅम भुकटी पुरते. ड्रिल मंद चालवा, उष्णतेने डीएनए तुटतो. डावं आणि उजवं अशी दोन पेट्रस हाडं असतात, त्यांतलं एक राखून ठेवा.

मिसळलेल्या पेटीतून नमुने घेताना एकाच बाजूची पेट्रस हाडं घ्या, सगळी डावी किंवा सगळी उजवी. नाहीतर एकाच माणसाचा नमुना दोनदा जातो आणि तुम्हाला ‘जुळे भाऊ’ सापडतात.

त्याच वेळी रेडिओकार्बनसाठीही तुकडा घ्या, आणि तारीख आधी येऊ द्या. समुद्रकाठच्या माणसाने मासे भरपूर खाल्ले असतील तर तारीख खरी असते त्याहून जुनी दिसते. म्हणून कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून त्याचा आहार तपासून दुरुस्ती करावी लागते. शिवाय चौदाव्या शतकात कालमापनाची वक्ररेषा अशी वळलेली आहे की एकाच मोजणीला शतकाच्या सुरुवातीचा आणि उत्तरार्धाचा असे दोन काळ लागू पडतात. १३१२ मध्ये वारलेला बान पाव्हाओ शुबिच आणि १३४८ मध्ये वारलेला त्याचा नातू म्लादेन यांना निव्वळ रेडिओकार्बनने वेगळं काढता येईल अशी आशा ठेवू नका.

इथे थांबून तपासा: तारीख अपेक्षित शतकाबाहेर गेली तर काम इथेच थांबवा. ‘तरी डीएनए करून बघू’ असं म्हणू नका.

टप्पा ५: प्रयोगशाळा

हा भाग तज्ज्ञांकडेच जातो, त्यामुळे थोडक्यात. स्वच्छ खोली वेगळी हवी, प्रत्येक तुकडीबरोबर हाडाशिवायचा कोरा नमुना चालवायला हवा, आणि ग्रंथालय, म्हणजे वाचनासाठी तयार केलेला डीएनए-संच, असा बनवायला सांगा की टोकांवरची जुनेपणाची झीज शिल्लक राहील. जुन्या डीएनएत टोकांना ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचला जातो. ही झीज हाच त्याच्या जुनेपणाचा दाखला.

एक निवड मात्र तुमच्या हातात आहे आणि तिथे पैसे वाचवू नका. बाजारात नेहमी वापरली जाणारी पद्धत जनुकसंचातल्या ठरावीक १२ लाख ४० हजार जागा पकडते. लोकसमूहांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला ती उत्तम. पण त्यांतल्या वाय-गुणसूत्रावरच्या जागा साधारण ३२ हजारच, आणि त्याही आधीपासून माहीत असलेल्या फांद्यांच्या. एका घराण्याची खूण ही गेल्या हजारएक वर्षांतली कोवळी डहाळी असते. ती या जाळ्यातून निसटते. घराण्याचा प्रश्न असेल तर पूर्ण वाचन करा किंवा वाय-गुणसूत्राचा सलग भाग पकडणारी पद्धत मागा.

टप्पा ६: भेसळ तपासा

ही पायरी या विषयात इतर कुठल्याही विषयापेक्षा कडक हवी. कारण सांगतो. आजच्या क्रोएशियन पुरुषांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांचा वाय आय२ए शाखेतला आहे. म्हणजे उत्खनन करणाऱ्या, हाड धुणाऱ्या, संग्रहालयात पेटी उचलणाऱ्या स्थानिक पुरुषाचा डीएनए हाडात मिसळला, तर येणारा निकाल अगदी तुम्हाला अपेक्षित होता तसाच दिसतो. चुकीचा निकाल विचित्र दिसला तर माणूस सावध होतो. इथे तो दिसतच नाही.

पुरुषाच्या सांगाड्यात एक्स-गुणसूत्र एकच असतं. एकाच जागी दोन वेगळी अक्षरं वारंवार वाचली गेली तर दुसरा कुणी मिसळला आहे. मायटोकॉन्ड्रियावर वेगळी चाचणी करा, आणि हाड हाताळलेल्या सगळ्यांचे, संमतीने, संदर्भनमुने ठेवा. शंभर वर्षांपूर्वी उघडलेल्या थडग्यांत ते शक्य नसतं. तिथे फक्त झीज दिसणारे तुकडे वेगळे काढून तेवढ्यांवरून पुन्हा शाखा काढा. दोन्ही निकाल एकच आले तर पुढे जा.

टप्पा ७: वाय-शाखा शक्य तितकी खोल वाचा

‘आय२ए’ म्हणजे घराणं नव्हे. दक्षिण स्लावांत पसरलेली सीटीएस१०२२८ ही तिची उपशाखासुद्धा जवळपास दोन हजार वर्षं जुनी. तिच्यात आज कोट्यवधी पुरुष येतात: शेतकरी, मेंढपाळ, खलाशी. पिंपळाच्या एकाच फांदीवर बसलेले दोन पक्षी एका घरट्यातले ठरत नाहीत.

वाय-गुणसूत्राच्या नीट वाचता येणाऱ्या भागात साधारण ८० ते १०० वर्षांत एखादा नवा बदल पडतो. म्हणजे तीन-चार पिढ्यांना एक. घराण्याची खूण म्हणजे अशा बदलांची साखळी, जी त्या कुळाच्या दोन ओळखीच्या पुरुषांत आहे आणि शेजारच्या कबरींतल्या इतरांत नाही. म्हणून शेजारचे नमुने घ्यायलाच हवेत. फक्त सरदाराचा सांगाडा तपासून ‘ही सरदारी शाखा’ म्हणणारे अहवाल मला अजूनही दिसतात आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण त्यासाठी एक पेट्रस हाड कायमचं खर्ची पडलेलं असतं.

वाचताना हे पाळा: नवा बदल एकाच तुकड्यावर दिसत असेल तर धरू नका. तो ‘सी’चा ‘टी’ किंवा ‘जी’चा ‘ए’ असेल आणि तुकड्याच्या टोकाला असेल तर अजिबात धरू नका. आणि ‘बदल नाही’ आणि ‘ती जागा वाचलीच गेली नाही’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. ते एकत्र केले की खोटी जुळणी होते.

टप्पा ८: नात्याची पायरी ठरवा

वाय जुळला म्हणजे पितृवंश जुळला. बाप, भाऊ, चुलता की पाचशे वर्षांपूर्वीचा पूर्वज, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी संपूर्ण जनुकसंच लागतो. बाप-मुलगा आणि सख्खे भाऊ दोघांतही साधारण अर्धा वाटा समान असतो. फरक असा की भावांमध्ये काही ठिकाणी दोन्ही प्रती समान निघतात, बाप-मुलात तसं सहसा होत नाही. दुसऱ्या पायरीवर आजोबा, काका आणि सावत्र भाऊ यांचे आकडे सारखेच येतात. तिथे मृत्यूचं वय, तारीख आणि मायटोकॉन्ड्रिया यांनी गाळणी लावावी लागते. सामायिक तुकड्यांची लांबी मोजणाऱ्या नव्या पद्धती सहाव्या पायरीपर्यंतही पोचतात, पण नमुना चांगला वाचला गेला असेल तरच.

सावधान: ही घराणी आपापसात पुन्हा पुन्हा सोयरीक करत. पेटर झ्रिन्स्कीची बायको कातारिना ही फ्रान क्र्स्टो फ्रांकोपानची सावत्र बहीण. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की दोन दूरचे सरदार जनुकांत जवळचे दिसू लागतात. आकड्यावरून थेट ‘चुलत भाऊ’ लिहू नका. दोन्ही वंशावळींतले सगळे मार्ग मोजा.

टप्पा ९: जिवंत माणसांशी तुलना, सर्वांत शेवटी

झ्रिन्स्की आणि फ्रांकोपान यांच्या मुख्य पुरुषशाखा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्याच्या सुरुवातीला संपल्या. आज ते आडनाव लावणं हा पुरावा नाही. आडनावं वतनाबरोबर, गावाबरोबर, कधी नुसत्या हौसेनेही आली.

जिवंत माणसाची तुलना करायची तर फक्त वाय किंवा फक्त मायटोकॉन्ड्रिया. बाकीच्या गुणसूत्रांवर सातशे वर्षांची साखळी दिसत नाही. २५ पिढ्या मागे गेलं की वंशावळीत पूर्वजांच्या ३ कोटी ३५ लाखांहून अधिक जागा होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांकडून तुमच्यात एकही तुकडा आलेला नसतो. ‘तुमचं मध्ययुगीन सरदाराशी अमुक टक्के साम्य’ असं सांगणाऱ्या निकालावर पैसे घालवू नका.

आणि वाय न जुळण्याचीही तयारी ठेवा. लेस्टरला २०१२ मध्ये सापडलेल्या इंग्लंडच्या राजा तिसऱ्या रिचर्डच्या बाबतीत मायटोकॉन्ड्रिया मातृवंशातल्या दोन जिवंत नातलगांशी जुळला, पण कागदोपत्री पितृवंशातल्या पाच पुरुषांपैकी एकाचाही वाय राजाशी जुळला नाही. त्यांतला एक तर उरलेल्या चौघांशीही जुळेना. युरोपातल्या अभ्यासांनुसार दर पिढीला सुमारे एक टक्का वेळा कागदावरचा बाप खरा बाप नसतो. वीस पिढ्यांची साखळी धरली तर ती अखंड असण्याची शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास येते. न जुळणं म्हणजे सांगाडा चुकीचा असा निष्कर्ष काढू नका, आणि वंशज खोटं बोलतो असाही नाही. एखाद्याच्या घरच्या गोष्टीवर जाहीर बोट ठेवण्याआधी त्याला खाजगीत निकाल सांगा. त्याला नको असेल तर ती नोंद प्रसिद्ध करू नका.

टप्पा १०: अहवाल

निष्कर्षात तीन पायऱ्यांची भाषा वापरा आणि त्या मिसळू नका. ‘नातं दिसतं’: फक्त डीएनए. ‘कुळ बहुधा हेच’: डीएनए आणि एक ओळखीचा सांगाडा. ‘व्यक्ती अमुक’: डीएनए, तारीख, जागा, वय, जखमा आणि कागद सगळे एका बाजूला. रिचर्डच्या वेळी हा सगळा पुरावा एकत्र मांडून ओळखीची शक्यता ९९.९९९ टक्के काढली गेली. एकट्या वायने ती कधीच आली नसती.

कच्चा डेटा खुल्या भांडारात ठेवा, जिवंत माणसांचा वगळून. न वाचल्या गेलेल्या जागांची यादीही जोडा. उद्या ब्रिबिरला दुसरा सांगाडा सापडला तर पहिल्यांदा तीच लागते. आणि राखून ठेवलेलं दुसरं पेट्रस हाड, उरलेल्या भुकटीच्या कुपीसह, ज्या पेटीतून काढलं त्याच पेटीत, त्याच क्रमांकाखाली परत ठेवून संवर्धन विभागाची सही घ्या.